खटका

महाबळेश्वरच्या रानात उंदीर जिवंत पकडायचा शर्मन पिंजरा जमिनीवर कुणीही लावेल. खरी परीक्षा अंजनीच्या फांदीवर. रात्री धुकं पानांवर साचून ठिबकतं, वाऱ्याने फांदी हलते, आणि खटका हलका असला की सकाळी दार बंद, आत नुसते ओट्स आणि पीनट बटर. जरा जड केला, तर 10-15 ग्रॅमचा झाडउंदीर पायपट्टीवर बसून सगळं आमिष फस्त करतो, लेंड्या टाकतो आणि चालता होतो. या दोहोंमध्ये केसाएवढी जागा आहे. तिथे पक्कड चालत नाही. खटक्याची पत्र्याची जीभ नखाने वाकवायची. किती, ते बोटालाच कळतं.

माझ्या बोटाला ते कळेनासं झालंय. गेल्या हिवाळ्यापासून उजव्या तर्जनीचं टोक बधिर आहे. सोबतची विद्यार्थिनी पट्टीच्या टोकावर रुपयाचं नवं नाणं अलगद ठेवते. सुमारे तीन ग्रॅम. दार पडलं पाहिजे. मग नाणं काढून फांदी हलवते. आता पडता कामा नये. "सर, तुम्ही अंदाजाने करता ते मी मोजून करते," म्हणाली. तिचे पिंजरे माझ्यापेक्षा कमी वेळा फुकट मिटतात. मला ते लागलं. टॉर्च न लावता पिंजरा मांडणारा म्हणून माझं नाव होतं आणि ते मला फार प्रिय होतं. पोरं बघताहेत असं दिसलं की मी मुद्दाम टॉर्च विझवायचो.

तरी निदान ती पिंजरा लावते. बाकीची पोरं कॅमेरे बांधून घरी जातात. बिबट्याला, सांबराला कॅमेरा ठीक. पण साताऱ्याचं नाव लावणारा उंदीर 'रॅटस सातारे' घ्या: प्राणिशास्त्रज्ञ हिंटनने त्याचं वर्णन केलं 1918मध्ये, आणि पुढे कित्येक दशकं तो घरउंदराची उपजातच मानला गेला. वेगळेपण पक्कं झालं ते गुणसूत्रं आणि जनुकं तपासल्यावर. रात्रीच्या करड्या फोटोतून हे कसं उमगणार? शेपूट मोजायला, कानाची कणभर कातडी घ्यायला प्राणी हातात यावा लागतो. यावर मी भांडत आलोय, भांडत राहीन.

नाण्यालाही एक कोडं सुटलेलं नाही. पहाटे पत्र्यावर दव धरलं की जिभेची पकड बदलते. संध्याकाळी साधलेलं माप रात्रभर टिकत नाही. ती म्हणते, मेण लावू. मी म्हणतो, जीभ पॉलिशपेपरने घासू. पुढच्या खेपेला दोघांचे पिंजरे एकाच झाडावर बांधायचे ठरलंय. वरची फांदी मी आधीच मागून घेतली आहे.