ज्याचा साठा, त्याचा वाटा

विरार लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर लेख टाइप करणाऱ्याला 2016 साली सुरू झालेल्या स्टीमिट या ब्लॉगिंग संकेतस्थळाने मोठी आशा दाखवली : संपादकाची मनधरणी नको, वाचकांच्या मतांवर थेट मोबदला.

पण तिथे सगळ्यांची मतं सारख्या वजनाची नाहीत. ज्याच्या खात्यात ‘स्टीम पॉवर’, म्हणजे तिथल्या चलनाचा गुंतवलेला साठा जास्त, त्याचं मत भारी. शेकडो छोट्या खात्यांची दाद एका धनाढ्य खात्यापुढे फिकी पडते. सात दिवसांनी लेखाचा हिशेब बंद. पुढे लेख कितीही वाचला गेला तरी त्यातून पदरात काही नाही. ऑगस्ट 2019 मध्ये तर लेखकाचा वाटा 75 टक्क्यांवरून 50 वर आला. उरलेला अर्धा मत देणाऱ्यांचा!

संपादकाने लेख निवडायची पद्धत आपल्याला नवी नाही : वसईकरांना फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी संपादित केलेलं ‘सुवार्ता’ मासिक ठाऊक आहे. अर्थात, संपादकाची नजर कधी चुकतेही. पण स्टीमिटवर मताचं वजनच विकत मिळतं. ही वाटणी न्याय्य नाही.