कोणती उमरी?

पिक्चर प्रोड्यूसरकडे वृत्तवाहिनीच्या पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याची जबाबदारी असते. बातमी कोणी लिहितो, कोणी वाचतो. तिच्यासोबत कोणते दृश्य जाईल, ते कुठले आणि कधीचे, हे तो पाहतो. दिवसा या कामाला अनेक हात असतात. मध्यरात्रीनंतर असाइनमेंट डेस्कवर एक-दोघे, पीसीआरमध्ये, म्हणजे प्रक्षेपण नियंत्रण कक्षात, मोजकी माणसे आणि एसीची घरघर एवढेच उरते. भिंतीवरचे पडदे आवाजाविना चालू राहतात. अमेरिकेत तेव्हा दुपार असते, त्यामुळे रॉयटर्स आणि एपी या वृत्तसंस्थांचे फीड भरभरून येत असते. मराठवाडा मात्र निजलेला असतो.

त्या झोपेतून एखादे दृश्य येते ते बहुधा स्ट्रिंगरच्या, म्हणजे गावोगावच्या अर्धवेळ बातमीदाराच्या, मोबाइलवरून. उदाहरणार्थ उमरी: नांदेडच्या पूर्वेचे, मुदखेड–धर्माबाद लोहमार्गावरचे तालुक्याचे गाव. पावसाळ्यात गोदावरीवरच्या विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की गोदाकाठच्या तालुक्यांची नावे रनडाऊनमध्ये, म्हणजे बुलेटिनच्या क्रमयादीत, चढू लागतात. अशा रात्री आलेली क्लिप उभी, हललेली, जेमतेम अर्ध्या मिनिटाची असते: बॅटरीच्या झोतात चकाकणारे पाणी, बेडकांचा गलका, अंधारातून कोणाला तरी मारलेली हाक.

अर्ध्या मिनिटावर बुलेटिन निघत नाही, म्हणून वाहिनीच्या जुन्या दृश्यांच्या संग्रहात शोध घेतला जातो. इथेच खरी अडचण सुरू होते. ‘उमरी’ असे टाइप केले की अकोल्याची उमरीही समोर येते, विदर्भातल्या आणखी काही उमऱ्याही येतात. पाणी सगळीकडे सारखेच गढूळ दिसते. मग दृश्य थांबवून एकेक फ्रेम पाहावी लागते. एका सेकंदात अशा 25 फ्रेम असतात. कडेला उभ्या मोटारसायकलवर ‘एमएच 26’ दिसले तर गाडी नांदेडची, ‘एमएच 30’ असेल तर अकोल्याची. दुकानाची पाटी, एसटीवरचा फलक, स्टेशनचे पिवळे नाव हेही कामी येते. गाडी परजिल्ह्यातून आलेली असू शकते, म्हणून एका खुणेवर भागत नाही. पुष्कळदा डोळ्यांपेक्षा कान लवकर सांगतात. मागे कोणी ‘काहून’, ‘कायले’ म्हणत असेल तर ते वऱ्हाड. उमरीकडच्या बोलीचा हेल निराळा आहे. तेलंगणाची हद्द जवळ असल्याने तिथे तेलुगूही कानी पडते. याच कारणाने क्लिपचा मूळ आवाज पुसून त्यावर संगीत चढवणे हे वाईट काम आहे. त्यात पुरावाही जातो आणि गावही.

एवढे करूनही जुने दृश्य वापरावे लागले, तर त्यावर ‘संग्रहित’ हा शब्द हवा. रात्री तीन वाजता तो गाळण्याचा मोह होतो, कारण बघणारे थोडे असतात. पण त्या थोड्यांत पुण्या-मुंबईच्या रात्रपाळीतला उमरीचा एखादा मुलगा असतो. पडद्यावर तो आपली गल्ली शोधत असतो, आणि दुसऱ्याच गावाचे पाणी त्याच्या घरात शिरलेले दाखवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

रात्रीचे दृश्य रात्रीच दिसणे हीही अलीकडची गोष्ट. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा रात्रभर जागा असणारा असा वृत्तकक्ष मराठीत नव्हताच. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. लातूर-उस्मानाबादची जी दृश्ये देशाने पाहिली, ती उजाडल्यानंतरची. चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या त्या 2007 च्या सुमारास. त्यामुळे आज अंधारातली हाक निदान ऐकू तरी येते.

आजच्या वृत्तकक्षात पहाटे पाचनंतर फोन वाजू लागतात. स्ट्रिंगर पुन्हा पाण्याजवळ गेलेला असतो. या वेळी क्लिप आडवी आणि स्थिर असते, करड्या उजेडात बुडालेले सोयाबीन ओळखू येते. रात्रीची संग्रहित दृश्ये रनडाऊनमधून काढली जातात. सहाच्या पाळीसाठी नोंद लिहिताना नव्या क्लिपला नाव दिले जाते: ‘उमरी, जिल्हा नांदेड, आज पहाटे’.