वेम्बलीचा उद्योग-महाल

लंडनच्या वायव्येला वेम्बली नावाचे उपनगर आहे. फुटबॉलच्या मैदानामुळे हे नाव आपल्याकडच्या खेड्यातल्या पोरांनाही ठाऊक झाले आहे. पण त्या मैदानाच्या शेजारी जवळजवळ नव्वद वर्षे एक भलीमोठी इमारत उभी होती. तिची कहाणी फारशी कोणी सांगत नाही.

इंग्रजांनी १९२४ मध्ये येथे आपल्या साऱ्या साम्राज्याचे प्रदर्शन भरवले. जागा २१६ एकर. २३ एप्रिलला राजा पाचवा जॉर्ज याने उद्घाटन केले आणि त्याचे भाषण रेडिओवरून गेले. राजाचा आवाज लोकांनी असा घरबसल्या ऐकला तो पहिल्यांदाच. रस्त्यांना नावे देण्याचे काम कवी किपलिंगकडे होते. लोकांना फिरवायला एक आगगाडी होती, ती कधी थांबतच नसे. रुळांच्या मधोमध एक लांबच लांब स्क्रू गरगर फिरत असे. त्याचे आटे स्टेशनाजवळ दाट, पुढे विरळ. त्यामुळे स्टेशनात डबा गोगलगाईसारखा सरके, माणसे चढत-उतरत, आणि स्टेशन सुटले की तो पळू लागे. कॅनडाच्या दालनात तर राजपुत्राचा घोड्यासह पुतळा होता, आणि तो चक्क लोण्याचा! बर्फयंत्राच्या थंडीत काचेआड ठेवलेला. दूध घालणाऱ्या आपल्या माणसांनी मनातल्या मनात हिशेब करावा.

या सगळ्यात दोन इमारती मुख्य होत्या, एक यंत्रांची आणि दुसरी उद्योगांची. उद्योग-महालाने सुमारे १० एकर जमीन व्यापली होती. दहा एकरांचा सलग तुकडा डोळ्यांपुढे आणा आणि तो अख्खा छपराखाली घ्या, म्हणजे अंदाज येईल. भिंती सिमेंट-काँक्रीटच्या. एवढी मोठी बांधकामे काँक्रीटमध्ये करण्याचे ते सुरुवातीचेच दिवस. ओवेन विल्यम्स हा इंजिनियर त्यामागे होता. भिंतींवर काँक्रीटचेच सिंहाचे मुखवटे बसवले होते, कारण सिंह हे प्रदर्शनाचे चिन्ह होते. आत रसायने, चिनी मातीची भांडी आणि मँचेस्टरचे सुती कापड. ज्या कापडाने आमच्या साळ्या-कोष्ट्यांचे माग बंद पाडले, तेच तेथे ऐटीत मांडलेले होते.

हिंदुस्थानचेही पांढरेशुभ्र, घुमटांचे दालन होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या मुलांनी एक खोली चित्रांनी सजवून पाठवली होती. मात्र आपल्याकडे सगळेच खूश नव्हते. केनियातल्या भारतीयांना गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क नाकारले गेले, तेव्हा १९२३ मध्ये श्रीनिवास शास्त्र्यांसारख्या मवाळ माणसानेही या प्रदर्शनावर बहिष्कार घालण्याची हाक दिली. मवाळही इतका संतापला, यातच सगळे आले.

१९२४ आणि १९२५ अशा दोन हंगामांत मिळून सुमारे २ कोटी ७० लाख माणसे आली, तरी प्रदर्शन तोट्यातच गेले. मग मोडतोड सुरू झाली. आर्थर एल्विन नावाचा, महायुद्धातून परतलेला एक माणूस प्रदर्शनात तंबाखूच्या टपरीवर नोकरीला होता. त्याने रिकाम्या इमारती पाडून भंगार विकायचा धंदा केला आणि त्याच कमाईच्या जोरावर पुढे मैदानही घेतले. एक दालन उचलून दुसऱ्या गावी नेले, तेथे लाकडी सामानाचा कारखाना झाला. दुसरे एक कपडे धुण्याच्या कारखान्यासाठी गेले.

उद्योग-महाल मात्र राहिला. कौतुकाने नव्हे, तर पाडण्यापेक्षा भाड्याने देणे परवडले म्हणून. आजूबाजूला कारखान्यांची वसाहत झाली आणि या महालाची झाली गोदामे. आपल्याकडे पडक्या वाड्यात कडब्याच्या पेंढ्या रचतात, तसलाच प्रकार. पण ज्या छपराखाली माल आहे, त्या छपराची गळती कोणी ना कोणी बुजवतोच. निव्वळ शोभेची इमारत असती तर ती केव्हाच गेली असती, असे मला वाटते.

पुढे जमिनीचे भाव चढले. शेजारचे यंत्रांचे दालन आधीच पडले होते. उद्योग-महालाचे नाव काही वर्षे संरक्षित इमारतींच्या यादीत होते, तेही २००४ मध्ये उतरवले गेले. कलादालन पडले, जुन्या मैदानाचे दोन पांढरे मनोरेही २००३ मध्ये पडले. शेवटी २०१३ मध्ये उद्योग-महालाच्या उरल्यासुरल्या भिंती पाडल्या. ज्यांच्या राज्याची ती मिरवणूक होती, त्यांनाच तिचे ओझे झाले होते. आपण हळहळावे की नाही, हा प्रश्नच आहे. राज्याबद्दल हळहळ नाही. पण ते काँक्रीट ओतणारे हात मजुरांचेच होते, त्यांचे काम गेले याची हळहळ आहे.

आज तेथे उंच राहत्या इमारती आणि दुकाने आहेत. जवळच्याच ईलिंग रोडवर गुजराती मंडळींची दुकाने आणि एक देखणे हिंदू मंदिर आहे. भाजीच्या दुकानात कारली, भेंडी, कोथिंबीर मिळते. भिंतीवरचा एक सिंह तेवढा वाचवून वेम्बली हिल रोडच्या कडेला चौथऱ्यावर बसवला आहे.