करंट उतरतो तिथं

यंदा साखरेनं बोटांची टोकं बधिर केली. तांब्याच्या नळीवरची हिरवी पुळी नखाला आपोआप लागायची, ती आता लागत नाही. म्हणून कळंब्याच्या आयटीआयमधून निघालेलं एक पोरगं हाताशी घेतलंय. ते नळीला क्लॅम्प मीटर अडकवतं आणि म्हणतं, "मामा, करंट हाय."

हाय की, पण कुठला? आपल्याकडं नळीला भोक पडलं की नाव करंटाचंच. आत फ्लक्स राहिलेला असतो, नाहीतर कापलेली धार कुणी घासलेली नसते आणि पाणी तिथं भोवरा धरून तांबं खातं. घरातला एसी सेकंदाला 50 फेरे घेतो. एका झोक्यात गेलेलं तांबं बहुतेक दुसऱ्या झोक्यात परत बसतं. माणसाला तो मारेल, नळीला फारसं काही करत नाही.

खरा चोर डीसी. उद्यमनगरात वेल्डिंगच्या रेक्टिफायरची अर्थची चिमटी जॉबला लावायची सोडून जवळच्या पाइपाला लावतात. मग करंट पाइपातून, ओल्या भिंतीतून वाट काढत मशीनकडं परततो. पाइपात शिरतो तिथं काही होत नाही, उतरतो तिथं तांबं सोबत नेतो. हुपरीत मुलामा चढवणाऱ्याला हे सांगायला नको, त्याच्या हौदातली पॉझिटिव्हची पट्टी अशीच झिजते. एक अँपिअर वर्षभर अखंड उतरत राहिला तर हिशेबानं 10 किलो तांबं जातं.

माझं सगळं डोकं त्या उतरण्याच्या जागेत अडकलंय. नळीवर दोन ठिकाणी मोजायचं; मधे आकडा घटला तर करंट तिथं कुठंतरी भिंतीत उतरलाय. पण आपण पान्हा ठेवून मीटर लावेपर्यंत वेल्डर चहाला गेलेला असतो. आकडा शून्य. शिवाय पोराचा मीटर एसीचाच, त्याला डीसी दिसतच नाही.

सीपीव्हीसीवाले याला तोड म्हणून मधला तुकडा प्लास्टिकचा घालतात. जुन्या घराचं अर्थिंग त्याच पाइपाला बांधलेलं असतं, ते कुणी बघत नाही. मग नळाला हात लावला की झिणझिण्या, आणि फोन मला. फोन आला की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

डीसी मोजणारा क्लॅम्प मी परवा आणलाय, पोराला दाखवलेला नाही. आधी भिंतीवर खडूनं खूण करतो. ते सामान आणायला खाली गेलं, की गुपचूप क्लॅम्प लावून बघतो. खूण चुकली असेल तर ते वर यायच्या आत पुसतो.