बुधवारच्या दीदी



शाळेच्या वार्तापत्रासाठी दोन पाने लिहून द्या, असा बाईंचा निरोप आला आणि आम्ही तिघी गडबडलो. शाळेत असताना आमचा एकही निबंध इथे छापून आला नव्हता. पण अंगणवाडीबद्दल लिहा म्हटल्यावर नाही म्हणवेना.

कॉलेजात गेल्यावर आम्ही एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातले. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, 37 विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240. खरे सांगायचे तर आमचा डोळा प्रमाणपत्रावर होता.

जुलै 2023 मध्ये कॉलेजने विश्वामित्रीच्या काठच्या एका वस्तीतली अंगणवाडी आम्हाला जोडून दिली. पहिल्या दिवशी आम्ही तीस जण बॅनर घेऊन गेलो. खोली दहा बाय बाराची, मुले बावीस. आम्हाला पाहून निम्मी मुले तेडागरबेनच्या पदराआड गेली, दोघांनी भोकाड पसरले. आम्ही गाणी म्हटली, बिस्किटे वाटली, फोटो काढले आणि तासाभरात परतलो. फार मोठे काम केल्याच्या आनंदात होतो!

पुढच्या आठवड्यात सहीसाठी आम्ही तिघीच गेलो, तेव्हा अंगणवाडीच्या बेन म्हणाल्या, "तमे फोटो पाडवा आव्या हता के छोकरांओने मळवा?" त्या दिवशी बिस्किटांनी पोट भरल्यामुळे मुलांनी सुखडीला हातही लावला नव्हता. ज्या दोन मुलांचे वजन वाढावे म्हणून बेन महिनाभर धडपडत होत्या, तीही तशीच घरी गेली. हे आमच्या डोक्यातही आले नव्हते. आम्ही येणार आहोत, हेसुद्धा बेनना आदल्या संध्याकाळी कळले होते.

आम्ही आमच्या सरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले, हे त्यांचे मोठेपण. तीस जणांनी एकदम जायचे नाही, तिघातिघांनी ठरलेल्या वारी जायचे आणि बेन सांगतील ते काम करायचे, असे ठरले. आमच्या वाट्याला बुधवार आला. मुले आम्हाला बुधवारच्या दीदी म्हणू लागली.

काम म्हणजे काय? हात धुवून घेणे, डाळीतले खडे वेचणे, वजनकाट्यावर रडणाऱ्याला गमतीत गुंतवणे. बेनना वजन, हजेरी, आहार सगळे मोबाईलवर भरावे लागते. ते चालू असताना मुलांपाशी बसणारे कोणीतरी हवे असते. आम्ही ते कोणीतरी झालो.

तिथे साडेचार वर्षांचा एक मुलगा होता. तो बोलतच नसे. गाणे लागले की हलायचा, पण तोंड बंद. त्याला आरोग्य केंद्रात दाखवावे, असे बेनच्या मनात होते आणि त्यात त्यांचे काही चुकत नव्हते. त्याचे आईवडील इमारतीच्या कामावर. एकदा आई न्यायला आली आणि गडबडीत काहीतरी म्हणाली. आमच्यातल्या एकीची आजी अमळनेरची. तिने कान टवकारले. पुढच्या बुधवारी तिने त्याच्याजवळ बसून हळूच विचारले, "तुनं नाव काय शे?"

त्याने नाव सांगितले. बापाचे सांगितले. गावाकडच्या शेळीचेही सांगितले! बेन हातातले काम टाकून उभ्या राहिल्या. पोर मुके नव्हते. त्याला गुजराती येत नव्हते, एवढेच. घरात अहिराणी, अंगणवाडीत गुजराती. आणि आम्ही मराठी शाळेत शिकलेल्या मुली, तीन आठवडे त्याच्याशी गुजरातीतच बोलत होतो. मग आजींना विचारून आम्ही वीसेक शब्द लिहून भिंतीवर लावले: पाणी, भूक, शू, आई कधी येणार. बेन ते वापरायच्या. दिवाळीपर्यंत त्याच्या बोलण्यात गुजराती शब्द डोकावू लागले.

ताराबाई मोडकांनी 1945 च्या सुमारास बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा बालवाडीत न येणाऱ्या मुलांसाठी त्या शाळाच वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. परीक्षेत त्यावर पाच मार्कही मिळवले होते.

आता चुकीचे सांगायला हवे. मार्चमध्ये परीक्षा आल्या, आमचे 120 तास भरले होते, आम्ही जाणे थांबवले. कोणाला काही सांगितले नाही. एप्रिलमध्ये भेटायला गेलो तर बेननी आधी पाणी दिले आणि मग रागावल्या. तो मुलगा चार बुधवार दारातच बसून होता, आत यायला तयार नव्हता. आमच्यातल्या एकीला तिथेच रडू आले. बेन म्हणाल्या, रडू नका, पुढच्या वर्षी सांगून जा.

म्हणून दुसऱ्या वर्षी भिंतीवर कॅलेंडर लावले. ज्या बुधवारी येणार त्यावर फूल, शेवटच्या बुधवारी पतंग. शेवटचे तीन बुधवार पुढच्या वर्षीच्या मुलींना बरोबर नेले, म्हणजे मुलांना त्यांची सवय झाली. तो मुलगा तोवर शाळेत जाऊ लागला होता. पण शाळा सुटल्यावर येऊन फुले मोजून जायचा.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा अंगणवाडीतही पाणी शिरले. चिंध्यांच्या बाहुल्या, पुठ्ठ्याची घरे, वीस शब्दांचा कागद, सगळे गेले. कागद आम्ही पुन्हा लिहिला. बाहुल्या अजून पुरेशा झालेल्या नाहीत.

आमचे 240 तास संपले आहेत, तरी बुधवारी आमच्यातली एक तरी जाते. पालकांकडे जुनी सुती लुगडी, बटणे, धुतलेली बाटल्यांची झाकणे असतील तर शाळेत बाईंकडे द्यावीत. मण्यांएवढ्या लहान वस्तू मात्र नकोत, तीन वर्षांची मुले तोंडात घालतात. बटणेही मोठीच द्या, आम्ही ती बाहुलीला दोनदा दोरा घालून शिवतो.