अक्कांशी भांडण

हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी 1960 साली आली. मी ती कॉलेजात असताना वाचली, आणि त्यातल्या शेजारीण मिस मॉडी पहिल्या भेटीतच ओळखीच्या निघाल्या. विधवा, एकट्या, कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत आणि कुणाला भीतही नाहीत. घरात बसून राहणं म्हणजे वेळ वाया घालवणं, असं मानून दिवसभर बागेत राबणाऱ्या. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या आमच्या गल्लीत अशाच एक अक्का राहायच्या. कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या. पदर खोचून सकाळपासून वाफ्यांतला नागरमोथा उपटायच्या, आणि गाठ मातीत राहिली की पुन्हा खणायला बसायच्या.

1956 साली 1 नोव्हेंबरला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्या तारखेला मराठी माणसं काळा दिन पाळतात, कन्नड माणसं राज्योत्सवाची मिरवणूक काढतात. आमचे बाबा दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीला जायचे. अक्का कुठंच जायच्या नाहीत. कन्नडचं प्रेम त्यांना कमी नव्हतं. बेंद्रे त्यांना तोंडपाठ होते, आणि कन्नडच्या या थोर कवीच्या घरी मराठी बोलत हे त्या कौतुकानं सांगायच्या. पण मिरवणुकीच्या दिवशीही त्या वाफ्यातच असायच्या. कादंबरीत खटल्याच्या दिवशी सारं गाव कोर्टाकडे लोटतं आणि मिस मॉडी तेवढ्या जायचं नाकारतात. ते पान वाचताना मला आमची गल्ली दिसली.

नववीत असताना मी कुंपणापाशी उभी राहून त्यांना विचारलं, “अक्का, बेळगाव कुणाचं?” दुसऱ्या कुणी मला अभ्यासाला पिटाळलं असतं.

“तुला काय वाटतं? कारण सांगून बोल.”

मी तावातावानं बोलले. त्यांनी मध्ये एक शब्द टाकला नाही. मग म्हणाल्या, “महाजन आयोगाचं वाचलीस काय? वाचून ये की, मग भांडू.”

1967 चा तो अहवाल मला सगळा कळणं शक्य नव्हतं. पण निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्या, बेळगाव कर्नाटकात राहू द्या, असं त्यात सुचवलं होतं आणि महाराष्ट्रानं ते फेटाळलं, एवढं वाचनालयात बसून समजून घेतलं. टिपणं काढली. भांडायला गेले तेव्हा अक्कांनी मला स्टीलच्या लोट्यातून कॉफी दिली. आमच्याकडे मुलांना दूधच मिळायचं. कादंबरीत खटल्यानंतर मिस मॉडी शेजारच्या जेम या मुलाला लहान केक न देता मोठ्या माणसांच्या केकमधला तुकडा कापून देतात. ती कॉफी मला तेवढीच मोलाची आहे.

आमचं एकमत कधीच झालं नाही. माझा मुद्दा लंगडा असला की त्या तिथंच बोट ठेवायच्या. त्यांचा लंगडा असला तर “हे खरं तुझं” म्हणून मोकळ्या व्हायच्या. समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेणं मला घरात किंवा शाळेत कुणी शिकवलं नाही. ते अक्कांच्या पायरीवर शिकले, आणि आज वर्गात मुलांपुढे उभी राहते ती त्याच भांडवलावर.

2004 साली महाराष्ट्र सीमाप्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा मी पुण्यात होते. बाबांच्या आधी अक्कांना फोन लावला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अर्जात काय लिहिलंय ते वाचलीस काय?”