हात आपला, हालवणारा कोण?



शास्त्रांनी पाच कर्मेंद्रिये सांगितली. त्यांत मनाचे सर्वांत मुकाट्याने ऐकतो तो हात. मनात आले की टाळाला टाळ भिडतो, ताटातला घास तोंडाशी येतो, समोर संत दिसले की दोन्ही हात जुळतात. इतकी वर्षे कीर्तनाला उभा राहिलो, पण हाताला कधी निराळी आज्ञा करावी लागली नाही. तो ऐकणारच, हे आपण धरून चालतो. ज्याचा हात ऐकत नाही, न सांगता हलतो, नको तेव्हा वळतो, त्याचे काय? तेवढेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

कारण घडले ते असे. आमच्या भजनी मंडळात एक तरुण सून टाळ धरते. एके दिवशी भजन चालू असताना तिचा उजवा हात मनगटातून आत वळला, बोटे ताठ होऊन एकमेकांवर चढली आणि टाळ खाली पडला. मिनिटभरात हात सुटला. पुढे दिवसातून दहा-दहा वेळा असे होऊ लागले. कोणी म्हणाले, अंगात येते. कोणी म्हणाले, भाव दाटतो. एकीने तर सोंग म्हटले. ती पूर्ण शुद्धीत असे आणि वेदनेने तिच्या डोळ्यांत पाणी येई, ते मात्र कोणी विचारले नाही. शेवटी मोठ्या दवाखान्यात मेंदूचा आणि मानेचा एमआरआय काढला, तेव्हा आजाराचे नाव कळले. मल्टिपल स्क्लेरोसिस.

हा आजार काय आहे, ते आपल्या दृष्टांताने सांगतो. सप्ताहाच्या मंडपात विजेच्या तारा ओढलेल्या असतात. तारेवर वेष्टन आहे तोवर दिवा दिव्याच्या जागी लागतो. वेष्टन झिजले की कुठे प्रवाह मंदावतो, कुठे तुटतो, कुठे एका उघड्या तारेतून शेजारच्या तारेत शिरतो. आपल्या मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांच्या तंतूंवरही असेच वेष्टन असते. त्याला मायलिन म्हणतात. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच या आजारात त्या वेष्टनावर उलटते. जागोजागी चट्टे पडतात. बहुधा वीस ते चाळीस या वयात हा सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटी-तिपटीने आढळतो. युरोपात जास्त, आपल्याकडे त्या मानाने कमी, म्हणून आपल्या लोकांना याचे नावही ठाऊक नसते.

पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को नावाचे वैद्य होते. १८६८ साली त्यांनी या आजाराचे नीट वर्णन केले. त्यांनी कंपातला भेद दाखवला. पार्किन्सनच्या रुग्णाचा हात मांडीवर निवांत असताना थरथरतो. या आजारातला हात निवांत असताना शांत असतो, पण पाण्याचा पेला उचलायला निघाला की थरथरू लागतो, आणि पेला जितका जवळ येतो तितकी थरथर वाढते. लहान मेंदूकडे जाणारे-येणारे मार्ग बिघडले म्हणजे असे होते.

दुसरा प्रकार आमच्या सुनेचा. वेष्टन गेलेल्या एका तंतूतला संदेश शेजारच्या तंतूत उडी मारतो आणि हात क्षणात पिळला जातो. काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटे. हालचाल केली, जोरजोराने श्वास घेतला, तरी तो उठतो. दिसायला फेफऱ्यासारखा, पण ते फेफरे नव्हे. गंमत अशी की फेफऱ्यावर देतात तेच कार्बामॅझेपिन थोड्या मात्रेत दिले की बहुतेकांना चांगला उतार पडतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे. पुष्कळदा काही आठवड्यांत, महिन्यांत हे झटके आपले आपण थांबतातही.

तिसरा प्रकार सर्वांत विलक्षण. हात कुठे आहे, बोटे कशी आहेत, ही खबर मानेतल्या मणक्यातून मेंदूला जाते. तो मार्ग बिघडला की डोळ्यांनी पाहत असेतोवर हात ठीक राहतो. डोळे मिटले की बोटे आपली आपण, सावकाश, वेलीच्या तंतूंसारखी भरकटू लागतात. त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. आता विचार करा, अशा रुग्णाने भजनात डोळे मिटले तर पाहणाऱ्याला काय वाटेल?

इंग्लंडमध्ये जॅकलिन द्यु प्रे नावाची चेलो वाजवणारी मोठी कलावती होऊन गेली. जन्म १९४५चा. ऐन पंचविशी-तिशीत तिच्या बोटांची जाणीव जाऊ लागली. बोटाखाली तार आहे की नाही हे कळेना, म्हणून डोळ्यांनी पाहून ती बोट ठेवी. १९७३ साली निदान झाले, हेच. वाजवणे संपले. पण अंगची विद्या तिने शिष्यांना दिली, आणि १९८७ साली बेचाळीसाव्या वर्षी ती गेली. ज्याने जन्मभर वीणा धरली, त्याला या गोष्टीतले दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता पूर्वपक्ष घेऊ. कोणी म्हणेल, महाराज, अष्टसात्त्विक भावांत वेपथु म्हणजे कंप सांगितलाच आहे, मग भक्ताचा हात कापला तर त्यात आजार कशाला शोधता? खरे आहे, कंप सांगितला आहे. पण तो भावाबरोबर येतो आणि भावाबरोबर ओसरतो. चहा गाळताना, वेणी घालताना, बटण लावताना तो येत नाही. जो तिथेही येतो, त्याला भाव म्हणून नमस्कार करणे म्हणजे रुग्णाचे औषध लांबवणे आहे. आणि त्याला बाधा म्हणून अंगारा लावत बसणे, हेही तेच.

सिद्धांत गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात : देह, कर्ता, इंद्रिये, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. या आजारात देह आहे, इंद्रिय आहे, चेष्टाही दिसते. पण कर्त्याची संमती तिथे नाही. मग हातून कप पडला याचा दोष कोणावर ठेवायचा? जिथे कर्ता नाही तिथे सोंग नाही, आळस नाही, आणि पापही नाही. घरच्या माणसांनी हे एक वाक्य मनात धरले तरी रुग्णाचे निम्मे ओझे उतरते.

म्हणून मायबापहो, काही गोष्टी सांगून ठेवतो. घरात कोणाचा हात असा हलू-वळू लागला तर मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे न्या. हात वळत असताना मोबाइलवर त्याचे चित्रण करा, कारण डॉक्टरांसमोर तो वळेलच असे नाही. ताप, ऊन, कढत पाण्याची आंघोळ यांनी या आजाराची लक्षणे तात्पुरती वाढतात, अंग निवले की उतरतात. तेव्हा अशा माणसाला वारीत उन्हातान्हात ओढू नका, सावलीत बसवा. थरथरत्या हाताला जड पेला, मनगटाला थोडे वजन कधी कधी उपयोगी पडते. ते व्यायामोपचार करणाऱ्यांना विचारून ठरवा. पेला अर्धाच भरा. सांडले तर मुकाट्याने पुसा.

आणि टाळ सुटला म्हणून त्याला मंडळातून उठवू नका. टाळ धरणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्याच्या शेजारी बसून त्याचा टाळ उचलून देणारा एक हात असला, म्हणजे भजन पुरे झाले.

रामकृष्ण हरी.